पिंजऱ्यात उभं राहण्याची तयारी

२७ सप्टेंबर २०१४ हा जालना विधानसभा मतदारसंघात उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. मुदत दुपारी तीनपर्यंत. निवडणूक आयोगाच्या आदेशानुसार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात आणि दालनाबाहेर व्हिडिओ कॅमेरे चालू होते. पुढे अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. खोतकरांचा अर्ज तीन वाजून गेल्यावर आला, सबब तो स्वीकारायलाच नको होता, असं त्यांचं म्हणणं. कोण किती वाजता टेबलापाशी आलं ते कॅमेऱ्यांनी टिपलेलं होतं, आणि ते चित्रीकरण सीडींवर उतरून न्यायालयात दाखलही झालं. तरी त्या सीडी पुरावा म्हणून वाचायच्या की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला.

चित्रीकरण खोटं आहे, असा हा वाद नव्हता. सीडी ही मूळ नोंदीची प्रत. अशी प्रत पुराव्यात घ्यायची तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे एक प्रमाणपत्र सोबत हवं: ही नोंद कोणत्या यंत्रावर झाली, ते यंत्र नीट चालत होतं का, प्रत कशी काढली. गोरंट्याल यांच्या बाजूने हे प्रमाणपत्र वारंवार मागितलं गेलं, अधिकाऱ्यांनी ते दिलंच नाही. उच्च न्यायालयाने अधिकाऱ्याच्या तोंडी साक्षीवरून कायद्याची पुरेशी पूर्तता झाल्याचं मानलं आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. रोहिंटन नरिमन यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने खोतकरांचं अपील फेटाळलं, पण वाट वेगळी धरली. तोंडी साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. मूळ यंत्राचा मालक ते यंत्रच घेऊन साक्षीला उभा राहिला तर गोष्ट वेगळी, एरवी प्रमाणपत्र अनिवार्य. या प्रकरणात मात्र मागणाऱ्याने शक्य ते सगळं केलं होतं आणि इतर पुरावाही पुरेसा होता, म्हणून त्याला त्या बंधनातून मोकळीक मिळाली.

कॉम्प्युटर फॉरेन्सिक्सच्या व्यावसायिक प्रमाणपत्राची तयारी करणाऱ्या वाचकासमोर हा खटला पहिल्या पानावर ठेवला आहे तो जाणूनबुजून. या क्षेत्राकडे वळणाऱ्या बहुतेकांच्या मनात हॅकर असतो, व्हायरस असतो, पासवर्ड तोडण्याचं कुतूहल असतं. त्यात वावगं काही नाही, कुतूहलाशिवाय या कामात कुणी टिकत नाही. पण इथलं प्रत्येक काम आज ना उद्या न्यायाधीशांसमोर, खातेनिहाय चौकशीत नाहीतर एखाद्या कंपनीच्या संचालकांसमोर जाऊन उभं राहतं. तिथे तुम्हाला काय सापडलं याच्या आधी ते कसं सापडलं हे विचारलं जातं. माझं सांगणं एवढंच, की अभ्यासाला बसताना समोर परीक्षक आहे असं धरू नका. समोर उलटतपासणी घेणारा वकील आहे असं धरा. प्रत्येक उत्तरानंतर तो विचारणार, ‘हे तुम्ही कशावरून म्हणता?’

आपल्याकडे हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा जास्त जणांना विचारला जाणार आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि ६५ब ची जागा कलम ६३ ने घेतली. त्याच्या अनुसूचीत प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत नोंदीची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला तिचा ठसा, आणि ती कोणत्या पद्धतीने काढली ते लिहावं लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तर सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा अशी तरतूद आहे, आणि ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतले मोजके तज्ज्ञ आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सायबर पोलीस ठाण्यांतले कर्मचारी यांच्यावरच हा सगळा भार टाकून चालणार नाही. माणसं लागणार आहेत, आणि ती शिकलेली लागणार आहेत. बीसीएस झालेली मुलगी, पोलीस शिपाई, बँकेतला ऑडिटर, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, या सगळ्यांना इथे जागा आहे. प्रत्येकाला यातला एक भाग आधीच येत असतो.

आता प्रमाणपत्रांविषयी. ईसी-कौन्सिलची सीएचएफआय ही आपल्याकडे सर्वांत ओळखीची: चार तास, १५० प्रश्न, सगळे बहुपर्यायी. तिचा आवाका मोठा आहे, कायद्यापासून मोबाइलपर्यंत सगळ्याला ती स्पर्श करते आणि म्हणून नवख्याला क्षेत्राचा नकाशा देते. जीआयएसी या संस्थेच्या परीक्षा पुस्तकं उघडी ठेवून देता येतात. ज्याने स्वतःच्या टिपणांची सूची स्वतः केली तोच तिथे वेळेत उत्तर शोधू शकतो, आणि ती सूची करण्यातच निम्मा अभ्यास होऊन जातो. एनकेस या सॉफ्टवेअरच्या एनसीई परीक्षेत लेखी टप्प्यानंतर प्रत्यक्ष तपासणीचा टप्पा असतो. आयएसीआयएस या संस्थेची सीएफसीई मला मनापासून आवडते. तिथे आधी अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रकरणं सोडवायची असतात, अहवाल परत येतात, दुरुस्त करायचे असतात. मग एकट्याने प्रत्यक्ष डिस्क तपासून दाखवायची. कोणती परीक्षा निवडायची हे खिसा आणि नोकरी ठरवतात. पण बहुपर्यायी परीक्षा निवडलीत, तर प्रत्यक्ष कामाचा जो भाग ती तपासत नाही तो स्वतःहून करा. चार पर्यायांतून एक निवडणं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पर्यायाविना बोलणं यांत फार अंतर आहे.

ते अंतर कसं कापायचं? एखादा जुना पेनड्राइव्ह घ्या. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, त्यात दोन-चार फोटो टाका, एक पुसून टाका. मग एफटीके इमेजर या मोफत साधनाने त्याची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा आणि ती हेक्स एडिटरमध्ये उघडा. डिरेक्टरीत प्रत्येक फाइलची ३२ बाइटांची एक नोंद असते. पुसलेल्या फोटोच्या नोंदीकडे पाहिलंत तर नावाचा फक्त पहिला बाइट गेलेला दिसेल. त्याच्या जागी ई५ बसला आहे. बाकीचं नाव, आकार, तारखा तिथेच आहेत. फोटो जिथून सुरू होत होता त्या जागेवर जा. एफएफ, डी८, एफएफ, म्हणजे जेपेग फाइलची सलामी, अजून जशीच्या तशी. तलाठ्याच्या दप्तरात नाव कमी झालं म्हणून जमीन काही गावातून उठून जात नाही, तसंच हे. दुसऱ्या कुणाला ती जागा दिली जाईपर्यंत फोटो तिथेच राहतो. ‘डिलीट केलेली फाइल परत मिळते’ हे वाक्य शंभर जणांनी ऐकलेलं असतं. ई५ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस वकिलाला सांगू शकतो की ती कधी मिळते, कधी अर्धीच मिळते आणि कधी मिळतच नाही. एसएसडीवर हाच प्रयोग करून पाहा. तिथे ट्रिम आज्ञा गेली की ड्राइव्ह स्वतःच मोकळ्या झालेल्या जागा साफ करायला घेतो, आणि पेनड्राइव्हवरचा तुमचा आत्मविश्वास तिथे उपयोगी पडत नाही.

तारीख-वेळेचं प्रकरण याहून नाजूक आहे. परीक्षेत गुण आणि न्यायालयात खटले सर्वाधिक जिथे जातात त्या जागांपैकी ही एक, म्हणून या पुस्तकात त्याला दोन प्रकरणं दिली आहेत. विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था वेळ मोजते ती १ जानेवारी १६०१ पासून, सेकंदाच्या एक कोटीव्या भागात आणि जागतिक प्रमाणवेळेत. फॅट मात्र यंत्राच्या घड्याळात जी स्थानिक वेळ असेल तीच लिहून ठेवते. तिथे बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात असते आणि शेवटच्या वापराची तर नुसती तारीख असते. समजा, एनटीएफएसवरच्या एका फाइलची वेळ १४ मार्च, २०:१५ अशी निघाली. ती तशीच अहवालात उतरवली तर आरोपी १४ तारखेला रात्री सव्वाआठला संगणकापुढे होता असा अर्थ होतो. साडेपाच तास मिळवले की ती १५ मार्चची पहाट होते, पावणेदोन. तारीखच बदलली. चौदाच्या संध्याकाळी तो माणूस गावाला लग्नात होता आणि पन्नास पाहुण्यांनी त्याला पाहिलं, असा बचाव आला तर? आणि त्याही आधीचा प्रश्न: जप्तीच्या वेळी संगणकाचं घड्याळ बरोबर होतं का, ते कुणी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पंचनाम्यात लिहिलं का? पंचनाम्यातलं हे एक वाक्य पुढे महिन्यांची मेहनत वाचवतं.

आणखी एक बारकावा इथेच सांगतो. विंडोजमध्ये एखादी फाइल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली की नव्या प्रतीला निर्मितीची वेळ नवी मिळते, बदलाची वेळ मात्र जुनीच राहते. मग फाइल जन्मण्याआधीच बदलली गेली असं दिसतं. नवखा तपासनीस यावरून छेडछाडीचा निष्कर्ष काढतो. जाणकार एवढंच म्हणतो की ही फाइल बहुधा दुसरीकडून इथे आणलेली आहे, आणि मग त्या वेळेला कोणता यूएसबी ड्राइव्ह जोडला होता ते रजिस्ट्रीत शोधायला लागतो.

साधनं वापरा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. हे पटवायला ऑरलँडोचा केसी अँथनी खटला पुरेसा आहे. फ्लोरिडातल्या या आईवर स्वतःच्या लहान मुलीच्या खुनाचा आरोप होता. घरच्या संगणकावरून क्लोरोफॉर्मविषयीचं एक पान ८४ वेळा पाहिलं गेलं, असं सरकार पक्षाने २०११ च्या खटल्यात ज्युरीला सांगितलं. आकडा एका सॉफ्टवेअरच्या अहवालातून आला होता. ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानेच पुढे पुन्हा तपासणी केली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की ते पान एकदाच पाहिलं गेलं होतं आणि ८४ हा आकडा मायस्पेस या वेगळ्याच संकेतस्थळाचा होता. ब्राउझरच्या इतिहासाची फाइल वाचताना प्रोग्रामने नोंदींची गल्लत केली होती. आरोपी खुनाच्या आरोपातून निर्दोष सुटली. गोष्ट इथे संपत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये उघड झालं की तपास करणाऱ्या शेरीफ कार्यालयाने त्या संगणकावरचा इंटरनेट एक्स्प्लोररचा इतिहास पाहिला होता, पण घरात जास्त वापरला जाणारा फायरफॉक्सचा इतिहास पाहायचा राहूनच गेला होता. मुलगी शेवटची दिसली त्या दिवशीचा गुदमरून मारण्याविषयीचा एक शोध त्यात होता. एकाच प्रकरणात नसलेल्या ८३ भेटी पुराव्यात आल्या आणि असलेली नोंद बाहेर राहिली. दोन्ही चुका टाळता येण्याजोग्या होत्या. एका साधनाचा निकाल दुसऱ्या साधनाने आणि शक्य तिथे हाताने ताडून पाहणं, आणि यंत्रावर कोणकोणते प्रोग्राम आहेत त्याची यादी कामाला हात घालण्याआधी करणं, एवढंच लागलं असतं.

हॅशविषयीही असंच. फाइलमधला एक पूर्णविराम काढला तरी एसएचए-२५६ चा ६४ चिन्हांचा निकाल पूर्ण बदलतो, म्हणून जप्तीच्या दिवशीची डिस्क आणि आजची प्रत एकच आहे हे आपण छातीठोकपणे सांगू शकतो. पण वकील विचारेल: ‘एमडी५ मध्ये एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात, हे खरं ना?’ खरं आहे. चिनी संशोधक श्याओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी ते २००४ मध्ये दाखवलं. एसएचए-१ बाबत नेदरलँड्सची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी २०१७ मध्ये दाखवलं. उत्तरादाखल गप्प बसायचं कारण नाही. दोन फाइली मुद्दाम जुळवून तयार करणं वेगळं, आणि आधीच जप्त झालेल्या डिस्कचा जो हॅश पंचनाम्यात लिहिला गेला त्याला जुळणारी दुसरी डिस्क नंतर बनवणं वेगळं. हे दुसरं कुणी करून दाखवलेलं नाही. तरीही दोन वेगवेगळ्या पद्धतींनी हॅश काढून ठेवण्यात मिनिटंच जातात, म्हणून ती सवय लावा.

सरावाला महागडे परवाने लागतात ही भीती मनातून काढून टाका. ब्रायन कॅरियर यांचं स्लूथ किट आणि त्यावर उभं असलेलं ऑटोप्सी मोफत आहे. अमेरिकेच्या एनआयएसटीने सरावासाठी तयार केलेल्या डिस्क-प्रतिमा कुणालाही उतरवून घेता येतात. त्यातली एक प्रसिद्ध आहे: २० सप्टेंबर २००४ रोजी बेवारस सापडलेला डेलचा लॅपटॉप, सोबत वायरलेस कार्ड आणि घरी बनवलेला अँटेना. त्याबरोबर ३१ प्रश्न दिले आहेत. संशयिताचं टोपणनाव काय, कोणते प्रोग्राम बसवलेत, यंत्र शेवटचं कधी बंद झालं. आणि या सगळ्यांच्या आधी, पहिला प्रश्न, प्रतिमेचा हॅश जुळतो का? प्रश्नांचा हा क्रम मनात भिनू द्या. लातूरच्या किंवा कणकवलीच्या मुलाला साध्या लॅपटॉपवर हे सगळं करता येतं.

नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. क्लिफर्ड स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ १९८६ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत संगणकांची व्यवस्था पाहत होते. वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आला, आणि त्याचा माग काढत ते थेट पश्चिम जर्मनीतल्या, केजीबीला माहिती विकणाऱ्या माणसापर्यंत पोचले. त्यांच्याकडे आजची कुठलीच साधनं नव्हती. तारीख-वेळेसह लिहिलेली वही होती आणि प्रिंटरवर उमटलेली घुसखोराची प्रत्येक कळ होती. काय केलं, किती वाजता केलं, कोणत्या आवृत्तीच्या साधनाने केलं आणि काय निघालं नाही, तेही लिहा. न निघालेल्या गोष्टींची नोंद लोक टाळतात. आरोपीच्या दृष्टीने पाहिलं तर कित्येकदा तीच सर्वांत मोलाची असते.

परीक्षा इंग्रजीत होईल, पुढचं काम मात्र बहुतांशी मराठीत. पंचनामा मराठीत, पंच गावचे, तालुक्याच्या न्यायालयात साक्षही मराठीत. ‘अनअलोकेटेड स्पेसमधून कार्व्ह केलेली फाइल’ असं म्हणून तिथे सुटता येत नाही. डिस्कच्या ज्या भागावर सध्या कोणत्याही फाइलचं नाव नाही त्या भागात हे चित्र सापडलं, त्यामुळे त्याचं नाव आणि तारीख सांगता येत नाही, असं सांगावं लागतं. या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी अशी साध्या मराठीतली उत्तरं लिहून काढण्याचा सराव दिला आहे. तो वगळू नका.

शेवटी माणसाविषयी. अमेरिकेतल्या विचिटा शहरात अनेक वर्षं न सापडलेल्या एका खुन्याने २००५ मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीकडे फ्लॉपी पाठवली. तिच्यावरच्या पुसलेल्या वर्ड फाइलमध्ये एका चर्चचं नाव होतं आणि शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव होतं ‘डेनिस’. त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष डेनिस रेडर होता. पोलिसांनी तेवढ्यावर त्याला अटक केली नाही. त्याच्या मुलीच्या वैद्यकीय नमुन्यावरून डीएनए जुळवला आणि मगच २५ फेब्रुवारीला त्याला पकडलं. फ्लॉपीने दिशा दिली, ओळख दुसऱ्या पुराव्याने पटवली. संगणकात खातं सापडतं, खुर्चीवर कोण बसलं होतं ते सापडत नाही. म्हणून ‘आरोपीने ही फाइल १५ मार्चला उघडली’ असं अहवालात लिहू नका. ‘या नावाच्या वापरकर्ता-खात्यातून ही फाइल १५ मार्च रोजी भारतीय वेळेनुसार ०१:४५ वाजता उघडली गेल्याची नोंद आहे, त्या वेळी यंत्र कोण वापरत होतं हे या तपासणीतून सांगता येत नाही’ असं लिहा. तपास अधिकारी या दुसऱ्या वाक्यावर नाराज होतील, ते गाळा म्हणतील. ते गाळू नका. मग सही करा आणि सहीखाली तारखेसोबत वेळही लिहा.